अडलेली वाट कशी शोधावी?
स्विच व राउटरवरील आभासी जाळ्यांतील दोष शोधण्याची रीत

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आता इतके जुने झाले आहे की ते लिहिण्याचीही गरज उरलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरावा लागतो, विद्यापीठाचा निकाल पडद्यावर पाहावा लागतो आणि नोकरीची जाहिरातही तेथेच येते. ज्या घरात संगणक नाही, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी संस्थेच्या अभ्यासिकेत येऊन हे काम करते. म्हणूनच अभ्यासिकेतील जाळे बंद पडणे ही किरकोळ गैरसोय राहिलेली नाही. अर्जाची मुदत संपण्याच्या दिवशी वीज आहे, संगणक चालू आहे, तार जोडलेली आहे आणि तरीही पान उघडत नाही, असे झाले तर एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या फीचा प्रश्न उभा राहतो.

अशा वेळी दुरुस्तीसाठी आलेला माणूस पुष्कळदा खोके हातात घेतो, दिवे पाहतो आणि सांगतो, "स्विच गेला आहे, नवा घ्या." देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला असा सल्ला फार महाग पडतो. बरे, नवा स्विच आणूनही दोष तसाच राहिला तर पैसा गेला आणि दिवसही गेला. वास्तविक अशा बऱ्याच प्रसंगी यंत्र धडधाकट असते. त्याला दिलेल्या सूचनांपैकी एखादी चुकलेली किंवा राहून गेलेली असते. ती नेमकी कोणती, हे क्रमाने शोधता येते. त्यासाठी मोठ्या पदवीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती पॅकेटचा प्रवास समजून घेण्याची आणि घाई न करण्याची. सदर लेखात आम्ही हीच रीत सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत मांडत आहोत.

आपल्या जिल्ह्याचा अनुभव

संगणकाचे जाळे ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्याला नवी नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९९८ साली, वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचे ठरविले. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, कारखान्यात पडलेले वजन ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यामागील हेतू होता. त्या काळी देशभर या प्रयोगाची चर्चा झाली.

पुढे या संगणकांची देखभाल खर्चाची ठरू लागली. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्राने काही गावांत हीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देण्याचा प्रयोग केला आणि तो शेतकऱ्यांना पसंत पडला. यातून आपण एक धडा घेण्यासारखा आहे. जाळे उभारण्यासाठी एकदा पैसा लागतो, परंतु ते चालते ठेवण्यासाठी जवळपास राहणारे जाणते माणूस कायम लागते. असे माणूस आपल्याच मुलामुलींमधून तयार व्हावे, ही या लेखामागील आमची इच्छा आहे.

व्हीलॅन म्हणजे काय?

राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत, हे कोल्हापूरकराला सांगावयास नको. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. आता अशी कल्पना करा की एका गल्लीत मारलेली हाक त्याच गल्लीत ऐकू जाते, शेजारच्या गल्लीत मुळीच जात नाही. व्हीलॅन, म्हणजे आभासी स्थानिक जाळे, हे असेच असते. खोके एकच, म्हणजे स्विच एकच, परंतु त्याच्या आत सूचनांच्या साहाय्याने वेगवेगळ्या गल्ल्या पाडलेल्या असतात. प्रत्येक गल्लीला क्रमांक असतो. एका गल्लीतील संगणकाने सर्वांना उद्देशून घातलेली हाक दुसऱ्या गल्लीत पोहोचत नाही.

ही कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिन्कोस्की यांच्या कामातून पुढे आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या गल्ल्या ओळखता याव्यात म्हणून १९९८ साली '८०२.१ क्यू' हे मानक प्रसिद्ध झाले. या मानकाप्रमाणे प्रत्येक फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, चार बाइटची एक चिठ्ठी जोडली जाते. तिला टॅग म्हणतात. त्या चिठ्ठीत गल्लीच्या क्रमांकासाठी १२ बिट राखलेले असतात. बारा बिटांत ४०९६ आकडे मावतात. त्यांतील शून्य व ४०९५ हे दोन राखीव असल्याने १ ते ४०९४ हे क्रमांक वापरता येतात.

गल्ल्या पाडण्याचे फायदे दोन. एक तर निष्कारण गलका कमी होतो. दुसरे म्हणजे कार्यालयातील हिशेब व सभासदांची माहिती असलेला संगणक आणि अभ्यासिकेत कोणीही बसू शकेल असा संगणक हे एकमेकांपासून वेगळे राहतात. परंतु भिंत घातली की दाराचा प्रश्न येतोच. साधा स्विच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत काहीही जाऊ देत नाही. ते काम राउटरचे. राउटर म्हणजे सर्व गल्ल्या जेथे मिळतात तो चौक समजावा.

एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू

समजा, एका संस्थेच्या इमारतीत चोवीस पोर्टचा एक स्विच व एक राउटर आहे. कार्यालय ही गल्ली क्रमांक १०, संगणक कक्ष ही २० आणि अभ्यासिका ही ३०. कार्यालयाचे पत्ते १९२.१६८.१० ने, कक्षाचे १९२.१६८.२० ने व अभ्यासिकेचे १९२.१६८.३० ने सुरू होतात. (१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात तशी तरतूद आहे.) प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी राउटरचा एक पत्ता असतो, त्यास गेटवे म्हणतात. येथे ते अनुक्रमे १०.१, २०.१ व ३०.१ ने संपतात असे धरू. कार्यालयात एक प्रिंटर आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१०.५०. अर्जाची प्रत काढण्यासाठी संगणक कक्षातील विद्यार्थ्यांना तो वापरावयाचा आहे.

स्विचच्या पोर्टांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. ज्या पोर्टला संगणक किंवा प्रिंटर जोडतात तो ॲक्सेस पोर्ट. तो एकाच गल्लीचा असतो. स्विचच्या चोविसाव्या पोर्टमधून राउटरकडे जाणारी तार मात्र तिन्ही गल्ल्यांची वाहतूक करते. तिला ट्रंक म्हणतात. ट्रंकवर फ्रेमला क्रमांकाची चिठ्ठी लावलेली असते. राउटरच्या एकाच भौतिक पोर्टचे सूचनांद्वारे तीन उपविभाग पाडलेले असतात. त्यांना सबइंटरफेस म्हणतात आणि ते एकेका गल्लीचे काम पाहतात. एकाच तारेवर राउटर टांगलेला असल्याने या रचनेला 'राउटर ऑन अ स्टिक' असे गमतीचे नाव पडले आहे.

पॅकेटचा प्रवास

आता कक्षातील १९२.१६८.२०.१५ या संगणकावरून प्रिंटरकडे मजकूर पाठविला, तर काय होते ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, संगणक आपला सबनेट मास्क लावून पाहतो की १०.५० हा पत्ता आपल्याच गल्लीतला आहे का. नाही, असे उत्तर आल्यावर तो मजकूर गेटवेकडे द्यावयाचे ठरवितो. दुसरी गोष्ट, गेटवेचा मॅक पत्ता ठाऊक नसेल तर तो आपल्या गल्लीत हाक देतो, "२०.१ कोण?" या हाकेच्या पद्धतीला एआरपी म्हणतात. ती १९८२ पासून वापरात आहे. तिसरी गोष्ट, उत्तर मिळाल्यावर फ्रेम स्विचमध्ये येते. स्विच तिला २० ची चिठ्ठी लावून ट्रंकवरून राउटरकडे धाडतो. चौथी गोष्ट, राउटर चिठ्ठी काढतो, आपल्या मार्गतक्त्यात पाहतो, १० क्रमांकाची गल्ली आपल्यालाच जोडलेली आहे हे त्याला कळते. मग तो त्या गल्लीत हाक देऊन प्रिंटरचा मॅक पत्ता मिळवतो आणि नव्या फ्रेमला १० ची चिठ्ठी लावून त्याच तारेवरून परत स्विचकडे पाठवितो. पाचवी गोष्ट, स्विच चिठ्ठी काढून फ्रेम प्रिंटरच्या पोर्टवर देतो.

टपालाची उपमा येथे चपखल बसते. पाकिटावरील पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, या सबंध प्रवासात तोच राहतो. बदलते ती टपालाची थैली, म्हणजे मॅक पत्ते. चौकात एक थैली रिकामी होते आणि दुसरी भरली जाते. आणि विसरू नये अशी गोष्ट म्हणजे प्रिंटरचे उत्तर याच मार्गाने उलट यावे लागते. जाण्याची वाट व येण्याची वाट, दोन्ही मोकळ्या असतील तरच काम होते.

शोधाचा क्रम

दोष शोधताना जवळून दूर जावे, हा मुख्य नियम. आधी स्वतःचा संगणक, मग आपल्या गल्लीचे तोंड, मग चौक, मग पलीकडची गल्ली आणि शेवटी बाहेरचे जग. यासाठीचे साधे हत्यार म्हणजे पिंग. अमेरिकेतील माइक मूस यांनी १९८३ साली लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम आजही प्रत्येक संगणकात असतो. तो समोरच्याला "आहेस का?" असे विचारतो आणि "आहे" हे उत्तर किती वेळात आले ते सांगतो. (पुढे दिलेल्या आज्ञा सिस्को कंपनीच्या यंत्रांवरील असून त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. इतर कंपन्यांच्या यंत्रांवर शब्द निराळे असतील, विचार तोच राहतो.)

पायरी पहिली : यंत्राला हात लावण्याआधी विचारपूस. कोणाचे कोणाशी जुळत नाही? एकाच संगणकाचे की सबंध खोलीचे? केव्हापासून? त्याच्या आदल्या दिवशी कोणी काय बदलले? एकच संगणक अडला असेल तर राउटरकडे धाव घेण्याचे कारण नाही. सबंध खोली अडली असेल तर एकेक संगणक उघडत बसण्यात अर्थ नाही. एवढ्या चार प्रश्नांनी निम्मे काम होते.

पायरी दुसरी : संगणकाचा स्वतःचा पत्ता. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला पत्ता वाटणाऱ्या सेवेकडून, म्हणजे डीएचसीपीकडून, काहीच मिळालेले नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असे समजावे. डीएचसीपीची मागणी ही हाक असते आणि हाक गल्लीबाहेर जात नाही, हे आपण वर पाहिले. पत्ता वाटणारा सर्व्हर दुसऱ्या गल्लीत असेल तर ती हाक त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची सूचना राउटरला द्यावी लागते. 'आयपी हेल्पर ॲड्रेस' ही ती सूचना. ती एखाद्याच गल्लीसाठी द्यावयाची राहिली, तर तेवढीच गल्ली पत्त्यावाचून राहते.

पत्ता बरोबर असेल तर मास्क पाहावा. येथे एक फसवा दोष लपलेला असतो. मास्क २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० असा पडला, तर संगणकाला १०.५० हा प्रिंटर आपल्याच गल्लीत आहे असे वाटते. तो गेटवेकडे जातच नाही, आपल्याच गल्लीत हाका मारीत बसतो. गंमत अशी की याच संगणकावर इंटरनेट मात्र व्यवस्थित चालते, कारण बाहेरचे पत्ते त्याला परकेच वाटतात. "इंटरनेट चालते, पण प्रिंटर दिसत नाही" अशी तक्रार आली की मास्ककडे एकदा अवश्य पाहावे. काही राउटर दुसऱ्याच्या वतीने एआरपीच्या हाकेला उत्तर देतात. तेथे हा दोष झाकला जातो आणि राउटर बदलल्यावर अचानक वर येतो.

पायरी तिसरी : आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. कक्षातील संगणकावरून २०.१ ला पिंग करावे. उत्तर आले नाही तर दोष आपली गल्ली, ट्रंक किंवा राउटरचा आपल्या बाजूचा उपविभाग, या तिघांत आहे. पलीकडची गल्ली तूर्त विसरावी. येथे पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१) संगणकाची तार ज्या पोर्टात आहे तो पोर्ट खरोखर २० क्रमांकाच्या गल्लीत आहे का? 'शो व्हीलॅन ब्रीफ' ही आज्ञा दिल्यावर कोणता पोर्ट कोणत्या गल्लीत ते दिसते. झाडलोट करताना निघालेली तार दुसऱ्याच भोकात बसविली गेली, एवढेसे कारणही पुरते.

२) गल्ली स्विचवर निर्माण केलेली आहे का? पोर्टला क्रमांक दिला, परंतु ती गल्लीच स्विचच्या यादीत नसली किंवा कोणी पुसून टाकली, तर पोर्ट निष्क्रिय राहतो.

३) चोविसावा पोर्ट खरोखर ट्रंक झाला आहे का? 'शो इंटरफेसेस ट्रंक' या आज्ञेने ते कळते. दोन स्विच आपसांत बोलून ट्रंक जुळवू शकतात. राउटर तशी बोलणी करीत नाही. म्हणून राउटरकडील पोर्ट हाताने ट्रंक करावा लागतो. तो आपोआप होईल या भरवशावर राहिल्यास तो साधा ॲक्सेस पोर्टच राहतो.

४) ट्रंकवर २० क्रमांकाला परवानगी आहे का? ट्रंकवर कोणत्या गल्ल्या जाऊ द्यावयाच्या याची यादी असते. नवी गल्ली घालताना 'ॲड' हा शब्द लिहावयाचा राहिला, तर यंत्र जुनी यादी पुसून फक्त नवी गल्ली ठेवते. अभ्यासिकेसाठी ३० घातली आणि त्याच क्षणी कार्यालय व कक्ष दोन्ही बंद पडले, असे घडले तर कारण बहुधा हेच. एका शब्दाने दोन खोल्यांचे काम थांबते, ते असे.

५) राउटरचा भौतिक पोर्ट चालू आहे का? सिस्कोच्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, 'नो शटडाउन' म्हणून ते उघडावे लागतात. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' या आज्ञेत 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' असे दिसले की कारण सापडले.

६) सबइंटरफेसवरील चिठ्ठीचा क्रमांक बरोबर आहे का? उपविभागाच्या नावात २० असले म्हणून त्याला २० ची चिठ्ठी कळते असे नाही. 'एनकॅप्सुलेशन डॉट वन क्यू २०' ही सूचना ते ठरविते. नाव एक आणि चिठ्ठी दुसरी असेल तर राउटर आलेली फ्रेम आपली मानीत नाही.

७) चिठ्ठीवाचून जाणारी गल्ली, जिला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात, ती दोन्ही टोकांना एकच आहे का? बहुतेक यंत्रांवर ती मुळात १ असते. एका टोकाला बदलली व दुसऱ्या टोकाला तशीच राहिली तर एका गल्लीची वाहतूक दुसऱ्या गल्लीत शिरते किंवा हरवते.

पायरी चौथी : चौक ओलांडून. २०.१ ने उत्तर दिले की १०.१ ला पिंग करावे. हा पत्ता पलीकडच्या गल्लीच्या तोंडाचा. उत्तर न आल्यास राउटरवर त्या गल्लीचा उपविभाग किंवा त्याचा पत्ता तपासावा. 'शो आयपी राउट' या आज्ञेने मार्गतक्ता दिसतो. त्यात तिन्ही जाळी 'कनेक्टेड' म्हणून दिसली पाहिजेत.

परंतु १०.१ कडून उत्तर आले म्हणून १० क्रमांकाची गल्ली ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही पत्ते एकाच राउटरचे आहेत. चौकात उभा असलेला माणूस "मी आहे" एवढेच सांगतो आहे, तो त्या गल्लीत शिरून आलेला नाही. ट्रंकच्या यादीतून १० गळालेली असली तरीही हे उत्तर येऊ शकते. पुष्कळ शिकाऊ तंत्रज्ञ येथे फसतात आणि नसत्या दिशेने शोध घेतात.

पायरी पाचवी : प्रत्यक्ष मुक्काम. आता १०.५० या प्रिंटरला पिंग करावे. उत्तर आले नाही तर कार्यालयातील एखाद्या संगणकावरून त्याच प्रिंटरला पिंग करून पाहावे. तेथूनही आले नाही तर प्रिंटर, त्याची तार किंवा त्याचा पोर्ट यांत दोष आहे. कार्यालयातून येते आणि कक्षातून येत नाही, असे असेल तर कार्यालयातील दुसऱ्या एखाद्या यंत्राला कक्षातून पिंग करून पाहावे. तेथूनही उत्तर नसेल तर १० क्रमांकाची गल्ली ट्रंकवर आहे का ते पुन्हा पाहावे. तेथून उत्तर येत असेल तर प्रिंटरच्या परतीच्या वाटेवर संशय घ्यावा.

परतीची वाट

जुलै-ऑगस्टातील महापूर कोल्हापूरकरांनी २०१९ व २०२१ साली अनुभवला. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले, वाहतूक थांबली आणि शहरात आलेली वाहने शहरातच अडकली. आत येताना रस्ता मोकळा होता, परत जाताना नव्हता. जाळ्यातही असेच होते. मजकूर प्रिंटरपर्यंत पोहोचतो, प्रिंटर उत्तर द्यावयास निघतो, पण २० क्रमांकाच्या गल्लीकडे कसे जावे हे त्याला ठाऊक नसते, कारण त्याच्या सूचनांत गेटवेचा रकाना रिकामा ठेवलेला असतो. स्वतःच्या गल्लीतल्यांना उत्तर देण्यासाठी गेटवे लागत नाही, म्हणून कार्यालयातून सारे ठीक दिसते. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची यंत्रे यांच्या बाबतीत हा दोष नेहमी आढळतो. त्यांचा पत्ता हाताने भरला जातो आणि गेटवे भरावयाचा राहून जातो.

समोर प्रिंटरऐवजी विंडोजचा संगणक असेल तर आणखी एक शक्यता असते. त्याची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, पुष्कळदा आपल्या गल्लीतील पिंगलाच उत्तर देते आणि परक्या गल्लीतील पिंग सोडून देते. वाट मोकळी असते, फक्त दार लावलेले असते. म्हणून एका पिंगवर निकाल देऊ नये.

इंटरनेटच्या बाबतीतही परतीच्या वाटेचाच विचार करावा. गल्लीगल्लीत जाणे-येणे होते, पण अभ्यासिकेतून बाहेर जाता येत नाही, असे असेल तर बाहेर जोडणाऱ्या यंत्राला १९२.१६८.३० हे जाळे कोठे आहे हे सांगितले आहे का ते पाहावे. खासगी पत्त्यांचे रूपांतर सार्वजनिक पत्त्यात करण्याच्या यादीत नव्या गल्लीचे नाव आहे का, तेही पाहावे. बाहेरच्या आकडी पत्त्याला पिंग होते, पण संकेतस्थळाचे नाव लिहिल्यावर काही उघडत नाही, असे असेल तर वाटेचा दोष नाही. नावाचा पत्ता सांगणारी सेवा, म्हणजे डीएनएस, तेवढी तपासावी.

दोष की नियम?

एखादी वाट बंद आढळली म्हणजे ती बिघडलीच असे नाही. संगणक कक्षातून कार्यालयाच्या हिशेबाच्या संगणकापर्यंत कोणीही जाऊ नये, म्हणून ॲक्सेस लिस्टने ती वाट मुद्दाम बंद केलेली असू शकते. अशा यादीच्या शेवटी, लिहिलेले नसले तरी, "बाकी सर्वांना मनाई" असा नियम असतो. प्रिंटरला परवानगी देण्याची ओळ राहिली तर तोही या अलिखित नियमात अडकतो. अशा वेळी सबंध यादीच काढून टाकण्याचा मोह होतो. प्रिंटर लगेच चालू होतो, सर्वजण खूश होतात आणि सभासदांची माहिती मात्र उघड्यावर पडते. योग्य मार्ग एवढाच की हवी ती एक ओळ योग्य जागी घालावी आणि बाकीची भिंत तशीच ठेवावी.

राउटरऐवजी लेयर थ्री स्विच असेल तर

अलीकडे पुष्कळ ठिकाणी मार्ग देण्याचे कामही स्विचच करतो. पायऱ्या त्याच राहतात, दोन गोष्टी अधिक पाहाव्या लागतात. एक, 'आयपी राउटिंग' ही सूचना दिलेली आहे का? ती नसेल तर पत्ते सारे बरोबर असूनही स्विच एका गल्लीतून दुसरीत काही नेत नाही. दुसरी, गल्लीचा आभासी दरवाजा त्या गल्लीत एखादा तरी पोर्ट जिवंत असेल तेव्हाच उघडतो. सुटीच्या दिवशी कक्षातील सर्व संगणक बंद असताना तो 'डाउन' दिसला तर तो दोष समजू नये.

काही शिस्तीच्या गोष्टी

एका वेळी एकच बदल करावा आणि तपासून पाहावे. तीन बदल एकदम केले आणि काम सुरू झाले, तर कोणत्या बदलाने झाले हे कधीच कळत नाही. उपयोग न झालेला बदल मागे घ्यावा.

काम झाल्यावर सूचना यंत्रात कायम कराव्यात. राउटर व स्विचमध्ये चालू सूचना आणि जतन केलेल्या सूचना वेगळ्या असतात. जतन केल्या नाहीत तर वीज जाऊन आल्यावर सारे पूर्ववत होते आणि दुरुस्त झालेला दोष पावसाळ्यातील एखाद्या सोमवारी सकाळी पुन्हा हजर होतो. विनाकारण उद्भवलेला दोष म्हणून ज्याची चर्चा होते, त्यामागे कैकदा हे साधे कारण असते.

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवावी. कोणता पोर्ट, कोणती खोली, कोणती गल्ली, याची एक वही यंत्राजवळ ठेवावी. बदल करणाऱ्याने तारीख घालून त्यात नोंद करावी. पासवर्ड मात्र वहीत लिहू नये. तो जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे बंद पाकिटात ठेवावा, म्हणजे एक माणूस गाव सोडून गेला तरी संस्था अडून राहत नाही.

विद्यार्थी मित्रहो

या विद्येला आज आपल्याच जिल्ह्यात मागणी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, रुग्णालये, सहकारी बँका, महाविद्यालये, प्रत्येक ठिकाणी स्विच व राउटर आहेत आणि ते अडले की काम अडते. आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी, कोणत्याही वाटेने या क्षेत्रात येता येते. महाग यंत्रे नसली तरी सराव थांबत नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचा पॅकेट ट्रेसर हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्यात वर सांगितलेला तीन गल्ल्यांचा नमुना तासाभरात उभा करता येतो.

तो उभा करून झाल्यावर आमची एक सूचना आहे. दोघांनी मिळून बसावे. एकाने दुसऱ्याच्या नकळत वरील सात कारणांपैकी एक दोष त्यात घालावा आणि दुसऱ्याने वहीत प्रत्येक पायरी लिहीत तो शोधावा. मग पाळी बदलावी. महिनाभर असा सराव करणारी मुलगी किंवा मुलगा मुलाखतीत अडखळणार नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. कारण तेथे पाठ केलेल्या व्याख्या फारशा विचारीत नाहीत. "हा संगणक त्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, तुम्ही आधी काय पाहाल?" असेच विचारतात.

आणि सभासद बंधुभगिनींना विनंती अशी की दुरुस्तीवाल्याने नवे यंत्र घेण्यास सांगितले तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत : पिंग कोठपर्यंत जाते आणि कोठे थांबते? या प्रश्नांचे नेमके उत्तर मिळाल्यावरच पैसे खर्च करावेत. संस्थेच्या पेटीतील प्रत्येक रुपया कोणाच्या तरी कष्टाचा आहे. तो विद्यार्थ्यांच्या पुस्तकांवर खर्च व्हावा, चांगल्या चालणाऱ्या स्विचच्या जागी दुसरा स्विच बसविण्यावर नव्हे.